आवाज गेला तेव्हा

सोमवारी फॉर्म आले, दोनशे बारा,
ग्लासगोच्या तिसऱ्या मजल्यावर, जिथला हीटर
फक्त गिलक्रिस्टसाहेबांच्या पायांना ओळखतो.
माझं काम वाचायचं,
अ ब क ड इ असे गठ्ठे लावायचे
आणि संध्याकाळपर्यंत एक आकडा काढायचा:
शनिवारचा भाग लोकांना किती आवडला. शंभरपैकी.

चौदावा भाग. यानाला भोक पडतं,
हवा निघून जाते, हवेबरोबर आवाजही.
नव्वद सेकंद काहीच ऐकू येत नाही.
काचेपलीकडे अडकलेला दुरुस्तीवाला,
अलीकडे ती, ताऱ्यांचे नकाशे सांभाळणारी.
तो काहीतरी बोलतो. बराच वेळ बोलतो.
मग त्याचा हात काचेवरून सुटतो.

ग्रीनॉकच्या गोदीतले डूगल मकेकर्न
यांनी सेटच्या डोक्यात दोन थपडा घातल्या,
मग शिडी लावून भर पावसात छपरावर चढले.
अँटेना फिरवून खाली येईतो
नावं वर सरकत होती.
इ. फॉर्मवर काजळीचा अंगठा.

पेझलीचे एक शास्त्रशिक्षक:
"पोकळीत आवाज जात नाही, हे मी तेरा आठवडे
आपणांस पत्रांतून कळवत होतो. आभारी आहे.
आता ठिणग्यांविषयी..." पुढे दोन पानं. ब.

युफेमिया लोगीबाईंनी मध्येच बंद केला.
कारणाच्या रकान्यात एवढंच:
"क्षयाच्या इस्पितळातही काच होती."
अक्षराला गोल नाही. कुठल्या गठ्ठ्यात ठेवू?
खिडकीत ठेवला, पेपरवेटखाली.

कुणा बापाच्या फॉर्मवर पोराने पाच वेळा अ गिरवलाय
आणि खाली: त्याला परत आणा,
मी आंघोळ करून बसेन.

बाकी बहुतेकांचं एकच. तो काय म्हणाला?
ड देणारेही विचारतात, अ देणारेही.
काहींनी उत्तरं स्वतःच पाठवलीत.
डनूनच्या हॉटेलात चादरी बदलणारी म्हणते, तिचं नाव घेतलं त्याने.
पाद्रीबाबांना स्तोत्र दिसलं, क्रमांकासकट.
आर्ड्रोसनचा विधुर खलाशी लिहितो:
"किल्ल्या कुठे ठेवल्यात ते सांगत असेल.
माणसं शेवटी तेच सांगतात."

एकशे सत्याऐंशीवा फॉर्म पेन्सिलीने भरलेला.
इशबेल टॅनॉक, गुरॉक. गोवराने
सहाव्या वर्षी दोन्ही कान गेलेले.

"आमच्याकडे शनिवारी सगळे टीव्हीकडे बघतात
आणि मी त्यांच्याकडे: कुठे हसायचं ते कळावं म्हणून.
या वेळी आवाज गेला, तसे सगळे माझ्याकडे वळले.
काय म्हणतोय गं? काय म्हणतोय?
सासूबाईसुद्धा, हात धरून.
मी सांगितलं नाही. थोडं राहू दे त्यांना
मी राहते तिथे.
तुम्ही ऑफिसातले, म्हणून तुम्हाला:
तो आकडे मोजत होता. एक, दोन, तीन.
ओठ हलते राहावेत म्हणून असेल.
एकोणीसपर्यंत नीट मोजले.
मग वीस विसरला
आणि खरंच रडला. श्रेणी अ."

बेरीज केली, भागाकार केला.
सत्तेचाळीस.
गिलक्रिस्टसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं:
"वर कळवा, यापुढे कानाला खडा."
मी तसंच टाइप केलं, जरा सभ्य शब्दांत.
एकशे सत्याऐंशी नंबर दुपारीच
माझ्या पर्समध्ये गेला होता, सँडविचच्या कागदात.
हे नियमाविरुद्ध आहे, मला माहीत आहे.

साडेपाचला बसस्टॉपवर धुकं.
आमच्या टेलिफोन बोर्डावरच्या विन्फ्रेडची बस आधी निघाली.
खिडकी बंद, इंजिनाचा घरघराट,
ती काचेतून मला काहीतरी सांगत होती,
हातवारे करून, हसत, घाईघाईने.
मी मान डोलावली.
छत्री विसरलीस, म्हणाली असेल.
किंवा सोळा, सतरा, अठरा.