हळद नको

पहिली अट द्वारकाबाईंची : हळद नको.
जुन्या धोतरांचं अस्तर आहे, पांढरं,
एक बोट टेकलं की गोधडी फाटेपर्यंत दिसेल.

मग काय वाढायचं सोळा पानांवर
चार दिवस, सावद्याच्या या केळी भरायच्या शेडमध्ये,
जिथे एक शेगडी, एक नळ
आणि नळाला पाणी साडेदहापर्यंत?

काम माझ्याकडे आलं
कारण उजव्या हाताची बोटं
दोन वर्षांपासून सुई धरत नाहीत.
तसं कुणी बोललं नाही.
"तुले हिशोब जमतो व, वच्छे," एवढंच.

केळीच्या काट्याच्या पावतीमागे मांडायला बसले.
भाकरी कळण्याची, ज्हिनं तिनं घरून आणायची,
शिळी झाली तर उलट चवीला चढते.
ठेचा हिरव्या मिरचीचा, त्यावर कच्चं तेल.
इथे पेन थांबलं. तेलाचं काय करायचं?
पण तेलाशिवाय ठेचा वाढला
तर तोंडावर कुणी काही म्हणणार नाही
आणि अख्ख्या तालुक्याला कळेल.
लिहिलं : तेल. त्यापुढे : साबण, दोन वड्या.
हात दाखवल्याशिवाय
कापडाजवळ कुणी जायचं नाही.

मंगळवारी भरीत. वांगी हिरवी, बामणोदची,
पऱ्हाटीच्या जाळावर काळी होईस्तोवर भाजायची,
मग बडगीत ठेचायची. हळद लागतच नाही.
या एका ओळीवर मी फार खूश होते.

बुधवारच्या खिचडीने घोळ केला.
हुस्नाबाई तडवी पातेल्यात डोकावल्या :
पांढरा भात, पांढरी डाळ, वर चार जिरे.
"कोन आजारी हाये व?"
शेड हसली. पंधरा सुया थांबल्या.
मीही हसले, जरा उशिरा.

गोधड्या चार. पालच्या वसतिगृहात जायच्या होत्या,
तिथे सातपुड्यावरची थंडी सरळ खिडकीतून येते.
तीन गोधड्यांना चौघी चौघी, चौथीला तिघी.
तिची एक कड रोज मागे राहायची,
संध्याकाळी कुणीतरी आपलं संपवून तिकडे सरकायची.
त्या कडेकडे मी पाणी वाढतानाही बघत नसे.

गुरुवारी शेवभाजी. यादीत नव्हती.
"थोडंच राह्यलं आता, लाल रस्सा कर,"
द्वारकाबाईच म्हणाल्या, आपली अट आपणच मोडून.
कांदा-खोबरं भाजलं, वाटलं,
हळदीची पुडी टपरीवरून आली, दातांनी फोडली.
तर्री वर आली तेव्हा ट्रक भरणारा नथ्थू
कारण नसताना तीनदा पाणी प्यायला येऊन गेला.
त्याचं धरून पानं सतरा.

मिठाचा डबा आणायला उठले,
पाय बोचक्यात अडकला,
आणि सावरायला हात टेकले नेमके चौथीच्या कडेवर.
दोन बोटं. पिवळी.

शेडमध्ये फक्त शेगडीचा आवाज.
द्वारकाबाईंनी डाग पाहिला,
चष्मा काढून पुसला, परत पाहिला.
"अठीच बस आता. कड बाकीच हाये."

सुई नाही दिली, दाभण दिलं,
जाड, मुठीत धरता येईल असं.
हुस्नाबाईंनी मनगट खालून धरलं.
सात टाके. पहिला वीतभर, तिसरा उलटा,
शेवटचे दोन माझे की त्यांचे
सांगता येणार नाही.
डाग काही झाकला गेला नाही.

तोवर मागे रस्सा आटला होता,
शेव फुगून तिची लापशी झालेली.
ती तशीच खाल्ली सगळ्यांनी, भाकरी कुस्करून,
नथ्थूने दोनदा मागितली.

पावतीवर उरलेल्या जागेत
पुढच्या वर्षासाठी लिहून ठेवलंय :
शेंगदाणे कमी पडले.
शेव सगळ्या पानावर बसल्यावरच टाकावी.
नळ साडेदहाला नाही, सव्वादहालाच जातो.