वाळूला वाढताना

मांद्र्याला, सुरूच्या रांगेमागे
आमचं अडीच हजार मीटर भाट आहे.
भाट म्हणायचं ते कागदावर.
कुदळ घाला, समुद्रच निघतो,
फक्त कोरडा.

तिथे मी नेपिअर लावला.
तीन गाई, एक पाडी,
आणि सोसायटीच्या वहीत माझ्या नावापुढे
रोज तेच साडेसात लिटर.

पहिल्या वर्षी युरियाचं अख्खं पोतं
एका सकाळी रिकामं केलं.
साबुदाण्यासारखे दाणे, हाताला गार.
वाटलं, एकदाच पोटभर वाढावं,
म्हणजे महिनाभर मागणार नाही.
वर पंप लावला तीन तास.

आठ दिवस गवत असं हिरवं
की हरमलला जाणारे स्कूटर थांबवून विचारायचे.
विसाव्या दिवशी पिवळं.
खालची पानं आधी, टोकापासून आत,
मधल्या शिरेवरून,
वाईट बातमी घरात शिरते तसं.

खत गेलं कुठे?
चंद्रावतीकाकी बांयवर वाकली.
पाण्यावर शेवाळाची साय, कधी नव्हे इतकी दाट.
"सापडलं रे तुझं खत," म्हणाली,
आणि कळशी घेऊन इनासच्या विहिरीवर गेली.
अजून तिथेच जाते.

त्याच चैत्रात पपांना बांबोळीहून घरी आणलं.
उजवी बाजू गेलेली, जीभ जड.
सिस्टर इदुविजने पेजेची वाटी माझ्या हातात दिली:
"अर्धा चमचा. मग थांब.
गळ्याकडे बघ. गिळलं की दुसरा.
घाई केलीस तर वाट चुकते, छातीत जातं."
मी तारवावर इंजिनात अठरा वर्षं काढली,
तेलाचे थेंब मोजले,
पण माणसाचा गळा इतका वेळ
कधी बघितला नव्हता.

पावसाळा सरल्यावर चर खणले, गुडघाभर.
तळाला नारळाची सोडणं, पोट वर करून,
एकमेकांना चिकटून, वाट्या मांडाव्यात तशी.
त्यावर शेण, गोठ्यातला केर, सुरूची सुया झालेली पानं,
मग वाळू.
इनासने रापणीतली टोपलीभर बारीक मासळी दिली,
ती पुरली, आणि रात्री गावातली सगळी कुत्री
माझ्या चरात जेवायला.
ते एक जमलं नाही.

आता कापणी झाली की चार दिवस थांबतो.
कोंब बोटभर वर आले
की पत्र्याचं टमरेल घेतो, पोतं कोपऱ्यात बांधलेलंच.
ओळीच्या कडेने चिमूट चिमूट,
कोंबाला न लागेल असं.
पाणी थोडं, नुसती वरची वीतभर भिजेल इतकं.
मग आठवडा काही नाही. मग पुन्हा टमरेल.
पानाच्या कडा तपकिरी पडल्या की पोटॅश, तोही तसाच.
शेणाची स्लरी मधेमधे, गाळून,
पाइप तुंबला की शिव्या देत.

गवत आता दिपवत नाही.
कोणी स्कूटर थांबवत नाही.
साधं हिरवं आहे, आणि विसाव्या दिवशीही
साधं हिरवंच असतं.
साडेसातचे नऊ झाले, मग पाडी आजारी पडली, आठ.

संध्याकाळी हात धुऊन पपांच्या खाटेशी बसतो.
नखांत पांढरं राहिलेलं असतं, ते त्यांना दिसतं.
डावा हात उचलून भाटाकडे दाखवतात,
आणि त्यांना परत आलेल्या सात-आठ शब्दांतला
एक शब्द, अर्धा आत, अर्धा बाहेर:
"गिळ… लं?"

बघतोय, मी म्हणतो.
थांबलोय जरा.