मोकळा बोरॉन

कुंडईच्या शेडमध्ये
तांब्याच्या वेटोळ्यातून पिन खाली उतरते
तेव्हा आवाज फारसा होत नाही.
बारीक गुणगुण, आणि चार सेकंदांत
काळी कातडी जांभळट,
मग काजूच्या पिकल्या बोंडासारखी,
मग जिच्याकडे टक लावू नये अशी.
लगेच पाणी.

"आंग तापोवचें," शाबा म्हणतो,
"काळजाक हात लावचो न्हय."
शाबा शिरगावचा. दरवर्षी धोंड होऊन
निखाऱ्यांवरून चालतो,
सोमवारी पुन्हा भट्टीवर हजर.
तळव्यांचं विचारलं की हसतो.
पायरोमीटर बिघडला की
आम्ही त्याचे डोळे वापरतो.

माझं काम कापून बघण्याचं.
पिनांच्या या नव्या खेपेचा कागद चोख होता.
बोरॉन: दहा लाखांत तीस भाग.
एवढ्या मोठ्या गावात तीसच माणसं,
पण प्रत्येक जण कणाकणाच्या वेशीवर उभा,
घाईने मऊ व्हायला निघालेल्या पोलादाला
थांब म्हणणारा.

वरून कठीणपणा चोपन्न. पास.
तरी मी एक पिन आडवी कापली,
घासली, आम्ल लावलं.
काळं कडं उमटलं ते नखाएवढं.
हवं होतं तीन मिलिमीटर.
आत सगळं राखाडी, शांत,
काहीच घडलं नसल्यासारखं.

बोरॉन होता, हो.
पण वितळतानाच नायट्रोजनने
त्याला कवेत घेतला होता.
चिमूटभर टायटॅनियम आधी पडलं असतं
तर ते झोंबलं असतं नायट्रोजनला,
हा सुटला असता.
हजेरीपटावर नाव,
वेशीवर माणूस नाही.

मालक म्हणाले, सुलक्षा,
वरून तर बसतंय ना?
गिऱ्हाईक काय कापून बघणार आहे?
मी अठ्ठेचाळीस पिनांवर लाल रंग मारला.
शाबाने काही न बोलता ट्रे बाजूला सरकवला.
मालकांनी पंखा वाढवला.

संध्याकाळी जुन्या गोव्याच्या धक्क्यावर
दिवाडीची फेरीबोट टेकते.
साखळ्या सैल होतात,
फळी सिमेंटवर आदळते,
आधी स्कूटर, मग मासळीच्या टोपल्या,
मग आम्ही.
फळीच्या बिजागरीत पिना आमच्याच.
मागच्या वर्षीच्या. तेव्हा आम्ही
फक्त वरून तपासत होतो.

मी बिजागरीवर पाय ठेवते,
जरा जास्तच वेळ.
खारं पाणी फटीतून वर येतं, परत जातं.
"बाय, फुडें सर," मागून कोणी म्हणतं,
आणि मी सरते.