चार बटणं

वडिलांच्या कोटाला चार बटणं आहेत.
खालून वर लावत जायचं, ही त्यांची जुनी पद्धत.
आता एकाच हाताने.

मी दाराशी. पायांत बूट, गळ्यात मफलर,
मुठीत लिफ्टसाठी नाणं.
तिबिलिसीत आमच्यासारख्या जुन्या इमारतींतल्या लिफ्ट
अजून नाणं खातात,
आणि खाऊनही थोडा विचार करतात.

पहिलं बटण.
खाली तळघरात पावाच्या भट्टीसमोर रांग लागली असेल,
सातव्या मजल्यावरची त्सिआला नेहमीसारखी मध्येच घुसली असेल.

मार्चमध्ये झटका आला आणि सगळे शब्द गेले.
चमच्याचा गेला, खिडकीचा गेला,
माझ्या नावाचासुद्धा.
एक तेवढा राहिला, मोइत्सा.
आमच्या भाषेत, थांब.
पाणी हवं तरी मोइत्सा,
खांदा दुखला तरी मोइत्सा,
टीव्हीवर गोल झाला तरी मुठी आवळून मोइत्सा!
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुठला शब्द उरावा
हे कुणाच्या हातात नसतं.
मला वाटलं, असणार.
मला छळायला निवडूनच ठेवला असणार.

दुसरं बटण काजात जातं,
डोकावतं, परत मागे येतं.
मी हात पुढे करते.
मोइत्सा.

तीस वर्षं ट्रॉलीबस चालवली त्यांनी.
वळणावर दांड्या तारांवरून निसटायच्या,
दिवे जायचे, बस गप्प व्हायची,
आणि मग माणसं बोलायला लागायची,
घड्याळाकडे बघून, ड्रायव्हरच्या आईवरून.
ते उतरायचे. हातमोजे चढवायचे,
आधी डावा, मग उजवा.
मागे जाऊन दोरी धरायचे
आणि जिभेचं टोक दातांत पकडून, वर बघत,
दांडीला तार सापडू द्यायचे.
मी दहा वर्षांची, पहिल्या सीटवर,
काचेला नाक लावून:
हा माणूस माझा कुणी नाही.
मग वर एक निळी ठिणगी.
दिवे.
ते परत जागेवर यायचे, कुणाकडे न बघता.

धीर धर, म्हणतात लोक,
जसा काही तो दोरीसारखा समोर लोंबतोय.
माझा रोज सुटतो.
काल सुटला.
काल त्यांचा हात बाजूला सारून
चारही बटणं मीच लावली, सात सेकंदांत.
ते खुर्चीत जाऊन बसले.
बाहेर आले नाहीत, कोट काढला नाही.
दिवसभर घरात, कोटात.
सूपही कोटातच प्यायले.

तिसरं. याचा दोरा वेगळा, निळा,
मी शिवलेलं, घाईत, म्हणून सैल.
सैल असल्यामुळे सोपं जातं त्यांना.
हे मला आजच कळलं.

भट्टीवाला शाल्वा कंबरेपर्यंत आत वाकतो,
कणीक तापल्या भिंतीवर थापतो आणि उभा राहतो.
लवकर ओढला तर पाव फाटतो,
उशीर झाला तर निखाऱ्यांत पडतो.
कधी ओढायचा, विचारलं एकदा.
खांदे उडवले त्याने. म्हणाला,
मी कुठे ओढतो? भिंतच सोडते.

चौथं.
चौथ्या बटणाला काजच उरलेलं नाही.
सुरुवातच एक घर वर झाली होती,
मला दिसलं होतं ते, मघाशीच,
पण तेव्हा मी रांगेचा विचार करत होते.

ते खाली बघतात.
कोटाची एक बाजू गुडघ्याकडे, एक कानाकडे.
माझ्याकडे बघतात.
आणि चेहऱ्याची जी बाजू अजून हलते
ती हळूहळू हसायला लागते.

खाली पाव संपतील.
दुसरा घाणा लागेल.

मी नाणं फडताळावर ठेवते,
स्टुलावर बसते,
बुटांच्या नाड्या सोडते.
मोइत्सा, म्हणते मी.
ते मान डोलावतात
आणि तिसऱ्या बटणापासून
सोडवायला लागतात.