सोबत जोडलेलं पान

कोर्टाच्या तळघरात माझं टेबल आहे.
वर जमिनीचे खटले, खाली जुने सैनिक.
नॉर्थ डकोटात ऑक्टोबरभर बीटाचे ट्रक जातात
आणि खिडकीवर उडालेला चिखल
बर्फ वितळेपर्यंत तसाच राहतो.

ऑर्विल टेस्डाल आला,
टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, म्हणाला,
मला काही नकोय, मुलीनं पाठवलंय.
मुलगी बाहेर गाडीत, इंजिन चालू ठेवून.

सैन्यातून सुटल्याचा कागद चार घड्यांचा,
घडीवर अक्षरं झिजलेली.
पदकांच्या रकान्यात टाइपरायटरनं ठोकलेलं:
काही नाही.
हे 'काही नाही' त्यानं सत्तर वर्षं
बियाण्याच्या पावत्यांबरोबर डब्यात जपलं होतं.

आम्ही सेंट लुईसला लिहिलं.
उत्तर आलं: त्र्याहत्तरच्या आगीत
आपली फाइल जळाली असावी.
असावी.
जळालीच, असं तिथं कुणी म्हणत नाही.
मी म्हटलं, सुंभ जळाला तर जळू दे, पीळ शोधू.

पीळ थोडा दंतवैद्याकडे निघाला,
एक्स-रेत जबड्याखाली
गव्हाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका.
थोडा आईला कोरियातून लिहिलेल्या पत्रात:
पडलो, खरचटलं, गाय व्याली का?
डाव्या पायाची दोन बोटंही नव्हती,
पण ती थंडीनं नेलेली,
आणि नियमांत थंडीला शत्रू धरत नाहीत.
ऑर्विल म्हणाला, नियम लिहिणाऱ्याच्या
पायात मोजे असणार.

अर्ज दोनदा परत आला.
एकदा सही चौकटीबाहेर गेली म्हणून,
एकदा मधल्या नावाचं अक्षर
त्यांच्याकडे वेगळं होतं म्हणून.
चूक त्यांची; माफी मी मागितली.

मार्चमध्ये कंपनीच्या सकाळच्या अहवालाची प्रत आली,
धुरकट, भिंग लावून वाचायची.
अकरा ओळी. सातवी:
टेस्डाल, जखमी, इस्पितळात रवाना.
मी टेबलावर मूठ आपटली, कॉफी सांडली.
तो आठव्या ओळीवर बोट ठेवून बसला होता.

फॉन्टनो, अल्सीड.
हजर नाही. कारण माहीत नाही.

हीटर सुरू झाला, बंद झाला,
पुन्हा सुरू झाला.
मग ऑर्विल म्हणाला,
मला माहीत आहे कारण.
मला पाठीवर घेऊन त्यानं उतार उतरला,
खाली ठेवलं, आणि म्हणाला,
रेडिओ वरच राहिला.
एवढंच.
रेडिओ वरच राहिला.

दुरुस्तीपत्र जूनमध्ये आलं, जेमतेम अर्धं पान.
जुना कागद खोडत नाहीत ते.
'काही नाही' आपल्या जागी राहतं
आणि त्याला शेजार म्हणून
हे पान टाचायचं.
चार पदकं. त्यात एक चांगल्या वर्तणुकीचं.
हे तेवढं परत पाठवा, तो म्हणाला,
मेजरची कोंबडी आम्हीच खाल्ली होती.

जांभळ्या फितीची डबी त्यानं उघडली नाही.
माझ्या पेपरवेटशेजारी सरकवून विचारलं,
साक्षीदाराचा फॉर्म कुठला?

मी दिला. बाहेर इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं,
मग जिन्यावर मुलीची पावलं.
तो लिहीत होता, इतकं दाबून
की खालच्या तीन कोऱ्या पानांवर
लुइझियाना उमटलं, टेकडीचा नंबर उमटला,
एका माणसाचं नाव उमटलं
ज्याच्या घरच्यांनी इतकी वर्षं
कुठल्या तोंडानं काय सांगितलं असेल
ते मला विचारवलं नाही.

सहाव्या रकान्यात विचारलं होतं,
संबंधित सैनिकाशी आपलं नातं.
त्यानं लिहिलं: ओझं.

मी म्हटलं, मिस्टर टेस्डाल, असं चालत नाही,
इथं मित्र लिहा, सहकारी लिहा.
त्यानं टोपी घातली.
येऊ दे परत, म्हणाला,
पुन्हा तेच लिहीन.

मुलीनं विचारलं, कोण अल्सीड?
मी शिक्का मारला
आणि तारीख जरा ठळक टाकली.