बघायला काय पैसे पडतात

घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या अलीकडे,
रिक्षावाल्याशी भांडून उतरलो
आणि फर्निचरच्या दुकानात शिरलो ते एसीसाठी.

"बसून बघा ना काका," भोईर नावाचा पोरगा म्हणाला,
छातीवरची पाटी तिरकी,
"बघायला काय पैसे पडतात?"

बसलो.
कुमुदनं चप्पल काढली, देवळाबाहेर काढतात तशी,
आणि पाय वर घेतले.
रंग शेवाळी. उलटा हात फिरवला की गडद होणारा.
तिनं त्यावर बोटानं काहीतरी लिहिलं
आणि पुसलं.
किंमत मी पाहिली. तिनंही पाहिली.
"छान आहे. विचार करून सांगतो."
दिवसातून चाळीसदा हे ऐकणाऱ्या पोरानं
तरीही कार्ड दिलं.

घरी आलो. पिशवी नाही, पावती नाही.
दार उघडलं तर दिवाण मध्यभागी खचलेला.
सकाळपर्यंत खचलेला नव्हता, शपथेवर सांगतो.
पडदेही वीतभर आखूड झाले होते.
आणि भिंतीवर, चौदा वर्षांत पहिल्यांदाच,
आमच्या डोक्यांचे तेलकट डाग दिसले,
एक उंचावर, एक जरा खाली.

रात्री तिनं जमिनीवर पेपर पसरले,
सात फूट बाय तीन, कडेनं चिकटपट्टी.
"नुसतं बघते," म्हणाली, "मावतो का."
मावला.

तेव्हापासून आम्ही त्याला वळसा घालून जातो.
हातात चहा असो, ओला टॉवेल असो.
सिलिंडरवाला आला तर त्यालाही
"इकडून हं, इकडून."

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. एसीसाठी नव्हे.
तर तिथं एक जोडपं,
आणि मधे त्यांची मुलगी, हातात आइस्क्रीमचा कोन.
कुमुदचा चेहरा असा झाला
जणू आपल्या घरात कुणी न विचारता शिरलंय.
"सांडेल हं!" ती म्हणाली. मोठ्यानं.
त्यांना वाटलं, आम्ही दुकानाचेच.
उठले बिचारे. "नुसतं बघत होतो."

मग आम्ही बसलो.
भोईरनं न मागता दोन ग्लास पाणी आणलं.
किंमत तीच होती,
पण मला ती आता तेवढी मोठी दिसेना,
आणि त्याचीच भीती वाटली.

परतताना रिक्षात कुणी बोललं नाही.
घरी लाइट गेलेली.
काळ्याकुट्ट अंधारात, टॉर्च न लावता,
आम्ही दोघंही
पेपरांना वळसा घालून आत गेलो.