चौदा किलोमीटर

ओउलूत दुकान आहे माझं,
मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत.
नवी सायकल विकली की मी एक कार्ड देते:
सहा आठवड्यांनी या, पहिली सर्व्हिसिंग फुकट.
लोक येत नाहीत. नवी तर आहे, म्हणतात.
मग नोव्हेंबरात येतात, गिअर घसरतो म्हणून,
नव्याचे नऊ दिवस जणू मीच चोरले.

होदान आली
नेमकी बेचाळिसाव्या दिवशी,
मी कुलूप काढायच्या आधी.
सायकल हाताला धरून, चालत.

स्टँडला लावली. चाक फिरवलं.
ब्रेकची तार ताठ, जशी मी ओढली होती तशीच.
आऱ्यांवर नख वाजवलं, एकही ढिला नाही.
टायरवरचे रबराचे बारीक केससुद्धा शाबूत.
मीटरवर चौदा किलोमीटर.

"चालवता कुठे?"
"इमारतीमागच्या अंगणात. मुलं झोपली की.
पण रात्री अकरालाही इथे लख्ख उजेड,
आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी पडणारी बाई
खिडकीतून कोणालाही दिसते."

पाना खाली ठेवला मी.
नवी सायकल बिघडत नाही हो, ती बसते.
तार थोडी सैलावते, आरे आपापली जागा धरतात,
नटांना कळतं आपण कुठवर घट्ट राहायचं.
पण त्याला खड्डा लागतो,
पाऊस लागतो,
कामावर पोचायला झालेला उशीर लागतो.

कार्डावरची तारीख खोडून
मी लिहिलं: कुरकुर सुरू झाली की या.
तिने दोनदा वाचलं.
"कोणाची?"
"सायकलची," मी म्हणाले.

सप्टेंबर सरताना
दारातल्या कुंडीला कोणीतरी धडकलं.
"ब्रेक लागत नाही!" होदान ओरडली,
"तिसरा गिअर टिकत नाही! चेन रडते!"
पोराचं प्रगतिपुस्तक दाखवावं
तशा आवाजात.

मडगार्डात भूर्जाची पिवळी पानं,
चेनमध्ये नाल्लिकारीच्या किनाऱ्याची वाळू,
डाव्या पॅडलचा कोपरा खरवडलेला.
तो कुठे, कसा, ते मी विचारलं नाही.
तीनशे अकरा किलोमीटर.

तारेला अर्धा आटा दिला, गिअरला पाव.
वाळू झटकली. सगळी नाही.

फुकटची मुदत केव्हाच टळून गेली होती.
तिने पाकीट काढलं,
मी पैसे घेतले, पूर्ण,
सुट्टे मोजून परत दिले.
सोडले असते,
तर तिला वाटलं असतं
आपण अजून अंगणातच आहोत.